कुलकर्णींना मांडीवर घ्या

सकाळपासून ज्या ग्रुपवर जावं तिथे ती निळी कॉमिक स्ट्रिप. भिशीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप. खाली ठरलेलं वाक्य : "आजच्या पिढीचा कॅल्विन अँड हॉब्ज!" आणि बदामांची रांग. (माहीत नसेल त्यांच्यासाठी : बिल वॉटरसनची अमेरिकन कॉमिक स्ट्रिप. कॅल्विन हा पोरगा आणि हॉब्ज हा त्याचा वाघ, जो बाकीच्यांना नुसतं कापडी खेळणं दिसतो.) दुपारपर्यंत मी गप्प होते. मग सख्ख्या भाचीनेच पाठवली, "मावशी, तू रडशील बघ." रडले नाही, चिडले. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, ज्यांना कुकर लावायचाय त्यांनी लावून या.

स्ट्रिपचं नाव घेत नाही. काढणारं पोर तरुण आहे आणि आपल्याकडे टॅग केलं की चार रिकामटेकडे अंगावर धावून जातात. ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेलच. एक मुलगा, अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्याला एकट्यालाच दिसणारा निळा, गुबगुबीत, लांब कानांचा मित्र. आजच्या भागात मुलाला फुटबॉलच्या टीममध्ये घेत नाहीत. तो घरी येतो. निळोबा म्हणतात, "तुला वाईट वाटतंय. वाटू दे. खोल श्वास घे." तिसऱ्या चौकटीत दोघं श्वास घेतात. चौथीत मिठी. संपलं.

अहो, हा मित्र आहे का? हा तासाला दीड हजार घेणारा माणूस आहे, फक्त निळा रंग दिलेला.

कॅल्विन शाळेतून घरी येतो तेव्हा काय होतं ते आठवा. दार उघडतो, "मी आलो" म्हणतो, आणि आतून वाघ तोफेच्या गोळ्यासारखा सुटून त्याला अंगणात पाडतो. रोज. कॅल्विनला माहीत असतं, तरी रोज. शाळेत काय झालं, कुणी टीममध्ये घेतलं की नाही, हॉब्ज विचारतसुद्धा नाही. त्याला झेप घ्यायची असते. कॅल्विन मुलींना बंदी असलेला क्लब काढतो, त्यात सभासद दोनच, आणि त्यातल्या दुसऱ्याला, म्हणजे हॉब्जला, शेजारची सूझी मनापासून आवडते! स्वतःच्या डोक्यातून काढलेला मित्र इतका फितूर असतो का? असतो. तोच तर खरा असतो.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण आमच्या घरी कुलकर्णी होते.

जुन्या मंडळींना कुलकर्णी माहीत आहेत, नव्यांसाठी सांगते. माझी लेक चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ह्यांच्या ऑफिसात कुलकर्णी नावाचे साहेब होते. रात्री-अपरात्री लँडलाइनवर त्यांचा फोन यायचा आणि घरात सगळे चवड्यांवर चालायचे. "हो साहेब, करतो साहेब." एक दिवस लेकीने जाहीर केलं की कुलकर्णी आपल्याकडे राहायला आलेत. गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे. नाव-बिव काही नाही, नुसते कुलकर्णी. पोह्यांवर खोबरं नसेल तर खायचे नाहीत. दुपारी झोपायचे नाहीत आणि तिलाही झोपू द्यायचे नाहीत. चिवड्यातले काजू तेच खायचे. लेक पडली, गुडघा फुटला, रडायला लागली, तेव्हा मी विचारलं, "कुलकर्णी काय म्हणतायत गं?" तर हुंदके देत म्हणाली, "ते म्हणतात, भूक लागली."

खोल श्वास घे म्हणाले नाहीत. भूक लागली म्हणाले. आणि पोरगी रडता रडता हसली. (आता तो निळोबा आठवून पुन्हा चिडचिड झाली. असो.)

माझ्या सासूबाईंचं आणि कुलकर्णींचं मुळीच पटायचं नाही. "अहो कुलकर्णी, पाय धुऊन आत या, आत्ता फरशी पुसलीय." पान वाढायच्या, पण कुरकुरत. "ह्यांना सांग, आमटी परत मिळणार नाही." तेव्हा मला वाटायचं, आई किती छान खेळ खेळतात. आता वाटतं, त्या खेळत नव्हत्याच. त्यांना तो माणूस खरोखर आवडत नव्हता.

कॉमिकच्या जगात कुलकर्णींचे थोरले बंधू फार पूर्वी होऊन गेलेत. क्रॉकेट जॉन्सनची 'बार्नबी', १९४२ साली न्यूयॉर्कच्या 'पीएम' दैनिकात सुरू झालेली. आमच्या धाकट्या दिरांनी तिकडून तिचा संग्रह आणला होता. पाच वर्षांचा बार्नबी परी मागतो आणि खिडकीतून येतात मिस्टर ओमॅली. ठेंगणे, पोट सुटलेले, पाठीला इवलेसे गुलाबी पंख, जादूच्या छडीऐवजी हातात सिगार. जादू जवळजवळ येत नाही. बढाया मात्र अखंड, आणि लक्ष सगळं त्या घरच्या फ्रीजवर. आईवडिलांना काही केल्या दिसत नाहीत, आणि तिकडे हे गृहस्थ निवडणूक जिंकून थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये! दुसरं महायुद्ध चालू असताना हे पेपरात रोज छापून येत होतं. मुलाच्या भावनांचं काय, असं कुणी विचारलं नसेल असं नाही. ओमॅलींनी विचारलं नाही एवढं नक्की.

चार्ल्स शुल्झची 'पीनट्स' ही स्ट्रिप तर १९५० ते २००० अशी पन्नास वर्षं चालली. त्यातला लायनस दर हॅलोविनच्या रात्री भोपळ्याच्या मळ्यात बसून 'महाभोपळा' प्रकट व्हायची वाट बघतो. तो येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. शुल्झने एकदाही त्याला शेजारी बसवून समजावलं नाही, की बाळा, भोपळा म्हणजे तुझ्या मनातली सुरक्षिततेची ओढ वगैरे.

आता कुणीतरी म्हणेलच, की कॅल्विनमध्येही हळवे भाग आहेत, ते रॅकूनचं पिल्लू मरतं तो भाग विसरलीस का. नाही विसरले. हॉब्ज धीर देतो तिथे, मान्य. पण त्याआधी तोही तितकाच हबकलेला असतो, त्याच्याकडेही उत्तर नसतं.

खरा मुद्दा वेगळाच आहे आणि त्यासाठी मला रिक्षावाल्याची गोष्ट सांगावी लागेल.

लक्ष्मी रोड, दिवाळीच्या आधीची खरेदी, वर अवकाळी पाऊस. सासूबाई, मी, लेक आणि पिशव्या. कोथरूडला यायला तयार असलेला रिक्षावाला मिळाला हेच आधी नवल. निघालो, आणि शगुन चौकाच्या पुढे लेकीने भोकाड पसरलं, "कुलकर्णी राहिलेएए!" रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला. मागे वळून बघितलं, आम्ही तिघी. रिकाम्या फुटपाथकडे बघितलं. मी ओशाळून काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, चार सीट बसत नाहीत. पुढे अलका चौकात पोलीस उभा असतो. साहेबांना मांडीवर घ्या."

लेकीने कुलकर्णींशी चर्चा केली आणि कळवलं, "ते म्हणतात, मी पुढे बसतो." रिक्षावाला म्हणाला, "पुढं नाही बसवत, लायसन जाईल माझं." शेवटी सासूबाईंनी पिशव्या सरकवल्या. "या, बसा. पण ओले आहात, साडीला लागू नका." कुलकर्णी कोथरूडपर्यंत रुसून बसले होते म्हणे.

त्या माणसाने माझ्या पोरीच्या मित्राला वजन दिलं. एका सीटची जागा दिली आणि कायद्याचा धाकही दाखवला. किती गोड गं म्हणून गालगुच्चा घेतला नाही. बिल वॉटरसनने १९८५ च्या नोव्हेंबरपासून १९९५ च्या ३१ डिसेंबरपर्यंत हेच केलं. कॅल्विनला वाघ दिसतो, बाकीच्यांना कापडी खेळणं दिसतं, आणि खरं काय ते तो सांगतच नाही. हॉब्ज हे जिवंत होणारं बाहुलं नाही आणि कॅल्विनच्या मनाचा खेळही नाही, अशा अर्थाचं त्याने स्वतः लिहिलंय. एका गोष्टीत कॅल्विनला जादूगारासारखं दोरातून सुटून दाखवायचं असतं, हॉब्ज त्याला खुर्चीला करकचून बांधतो. वडील येतात तेव्हा पोरगं बांधलेलं आणि शेजारी बाहुलं. आता सांगा, स्वतःचे हात स्वतः कसे बांधणार? उत्तर नाही. तो दोर तसाच करकचून ठेवणं, ह्यालाच मी कला म्हणते.

आणि हा निळोबा? पहिल्याच चौकटीत कळतं की हा मुलाचा एकटेपणा आहे. त्याला वजन नाही. तो रिक्षात बसला तर रिक्षावाल्याला चौथी सीट दिसणारच नाही.

लेकीच्या शिशुवर्गातल्या बाईंनीही मला तेव्हा बोलावून घेतलं होतं. "घरात काही ताणतणाव आहेत का?" सोबत एका समुपदेशकांचा नंबर. बाई भल्या होत्या. आणि काही मुलांना खरंच मदत लागते, त्यावर मी हसणार नाही. पण माझ्या पोरीला ताण नव्हता हो, तिला कुलकर्णी होते! घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्या नंबरवर कुलकर्णींनाच पाठव. रागीट आहेत."

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

चहा पिताना भाचीने पाठवलेले जुने भाग बघितले. चित्रं सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. एका भागात पाऊस पडतोय आणि मुलगा गॅलरीच्या जाळीतून खाली पार्किंग बघतोय. संवाद नाही. तो भाग मी बराच वेळ बघत बसले. त्या घरात आई आणि बाबा दोघं दोन लॅपटॉपसमोर, पाठमोरे. आजी नाही. खाली खेळायला पोरं नाहीत. मला आपला 'चिंटू' आठवला. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू आपण पुणेकरांनी चहाबरोबर वाचला. त्याला कधी खोटा-खोटा मित्र लागलाच नाही. पप्पू होता, मिनी होती, ओरडायला जोशीकाकू होत्या. भांडायला खरी माणसं जिन्याखाली उभीच असायची. ह्या अकराव्या मजल्यावरच्या पोराला कोण आहे? त्याच्या कुलकर्णींना पाय धुऊन या म्हणणारंच घरात कुणी नाही. मग तो निळा बिचारा काय करेल, आजीचं कामही त्यालाच करावं लागतं. मिठीही त्यानेच मारायची, श्वासही त्यानेच मोजायचे.

हे लक्षात आलं तेव्हा भाचीला "बरी आहे गं" असा मेसेज टाईप केला होता. पाठवणार, तेवढ्यात स्ट्रिपच्या खालची लिंक दिसली. 'घरी आणा तुमचा स्वतःचा मित्र.' निळोबाचं मऊ खेळणं! तीन साइजमध्ये! मेसेज पुसला.

वॉटरसनने हॉब्जचं खेळणं काढू दिलं नाही. पेपरांना स्ट्रिप विकणारं सिंडिकेट मागे लागलं होतं, पैसा किती मिळाला असता ह्याला हिशोब नाही. गाड्यांच्या काचेवर जे कॅल्विनचे वाह्यात स्टिकर दिसतात ते सगळे चोरीचे. त्याचं म्हणणं होतं की हॉब्ज खरा की खोटा ह्याचा निकाल खेळण्यांच्या कंपनीने लावायचा नाही. दुकानाच्या फळीवर वाघ बसला की निकाल लागलाच ना? मग तो दोर कुणी बांधला हा प्रश्न उरतो कुठे? हो, मान्य, त्याची स्ट्रिप दोन हजारांवर पेपरांत छापून यायची, त्याला नाही म्हणणं परवडलं. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या पोराला इन्स्टाचे बदाम किराणावाल्याकडे चालवता येत नाहीत. विकू दे खेळणी. पण मग त्याला कॅल्विन म्हणू नका ना! एवढंच मागतेय.

आणि निरोपाचं तर बोलूच नका. गेल्या महिन्यात म्हणे ह्या स्ट्रिपचा पहिला सीझन संपला (कॉमिकला सीझन?). त्यात निळोबा अर्धे पारदर्शक होऊन म्हणतात, "आता तुला माझी गरज नाही." भाची ह्याच भागावर रडली होती. बार्नबी सहा वर्षांचा होतो तेव्हा ओमॅलींनाही जावं लागतं, पण नियम म्हणून, वय झालं म्हणून. कुणी बरं झालं म्हणून नव्हे. कॅल्विन आणि हॉब्ज तर वेगळे होतच नाहीत. ताज्या बर्फावर घसरगाडी घेऊन निघतात, आणि पान संपतं.

कुलकर्णींचं सांगते. लेक पहिलीत गेली त्या जूनमध्ये एका सकाळी मी सवयीने जास्तीची बशी काढली. ती दूध पिता पिता म्हणाली, "त्यांना नको. त्यांची बदली झाली. नागपूरला." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली. "कधी?" "काल." "आणि मला सांगितलंसुद्धा नाही? एवढं आमचं खाऊन-पिऊन?" त्या खरंच रागावल्या होत्या. पुढे कित्येक दिवस नागपूरचं नाव निघालं की, "आमचे एक गेलेत तिकडे, पोचल्याचं पत्र नाही," असं म्हणायच्या. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, नात्यातलं कुणीतरी.

लेक आता मोठी आहे, नोकरी करते. मघाशी फोनवर तिला ही स्ट्रिप दाखवली. दोन मिनिटं बघून म्हणाली, "आई, हा कुणाचे काजू खातो?"

तर ज्यांना आवडलीय त्यांनी खुशाल आवडून घ्या, मला अनफ्रेंड करू नका. कमेंटमध्ये "प्रत्येक पिढीचं वेगळं असतं" लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार. आणि एक काम. कॅल्विनचं ते दहा वर्षांचं आडवं, जाड पुस्तक, ज्यात वॉटरसनने हे सगळं स्वतः लिहिलंय, ते माझ्याकडून कुणीतरी वाचायला नेलंय. वरचं सगळं त्यामुळे आठवणीतून लिहावं लागलं. कुणी नेलंय ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि तुम्ही सकाळी भिशीच्या ग्रुपवर बदाम टाकलेत. रविवारपर्यंत आणून द्या. चहा मिळेल, काजू नाहीत.