क्लिप कुठे कापली तेही बघा

परवा आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत दिवाळी पहाट झाली. तळमजल्यावरच्या काकू भावगीत गायला बसल्या. वय 68. गेले दोन महिने लिफ्टपाशी उभी राहिले की त्यांचा रियाज ऐकू यायचा. वही समोर ठेवून गायचं नाही हा त्यांचा जुना नेम. दुसऱ्या कडव्याला शब्द गेले. पेटीवाल्या दादांनी ती ओळ पुन्हा वाजवून दिली, तबलजींनी ठेका सोडला नाही, पहिल्या रांगेतून नातीने हळूच शब्द पुरवला. काकूंनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या आणि नेमक्या समेवर आल्या. पुढचं सगळं गाणं सुरेख झालं.

काकू घरात पोचायच्या आत 22 सेकंदांची क्लिप ग्रुपवर हजर. शब्द गेले तिथे सुरू, नातीने शब्द द्यायच्या आधी बंद. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ज्याने ती कापली, त्याने काकूंचं सावरणं कापून टाकलं. याचा मला फार राग आलाय.

मोठ्या माणसांचंही आपण हेच करतो. फेब्रुवारी 2011, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा चुकून पोर्तुगालच्या मंत्र्यांचं भाषण वाचू लागले. पोर्तुगीज बोलणारे दोन देश इथे एकत्र आहेत याचा आनंदही वाचून झाला! सुमारे तीन मिनिटांनी आपले राजदूत हरदीपसिंग पुरी यांनी त्यांना थांबवलं आणि योग्य भाषण सुरू झालं. चूक गंभीरच होती, कागद कोणी तपासले नाहीत हे विचारायलाच हवं. पण हा माणूस कर्नाटकचा मुख्यमंत्री होता, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपाल होता, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती तीन मिनिटं.

जानेवारी 1992 मध्ये टोकियोच्या मेजवानीत अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश आजारी पडले, शेजारी बसलेल्या जपानच्या पंतप्रधानांच्या अंगावर उलटी झाली. त्यावर वर्षानुवर्षं विनोद झाले. त्या पंतप्रधानांनी, मियाझावांनी, अंगावरच्या कपड्यांची पर्वा न करता बुश यांचं डोकं हातांनी सावरून धरलं होतं. यजमान असावा तर असा.

आणि अमेरिकन गायिका पॅटी स्मिथ. डिसेंबर 2016, स्टॉकहोमचा नोबेल सोहळा. त्या वर्षी साहित्याचं नोबेल मिळालेल्या बॉब डिलन यांचं गाणं गाताना अडखळल्या, थांबल्या, माफी मागितली, खूप दडपण आलंय असं सरळ सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. सभागृहाने टाळ्या वाजवून त्यांना धीर दिला. हे मी कितीदा तरी पाहिलंय, दर वेळी डोळे भरतात.

खोटं आश्वासन देणाऱ्या पुढाऱ्याला चारचौघांत जाब विचारा, त्याची क्लिप जरूर फिरवा, मीही फिरवीन. शब्द विसरणं त्या जातीचं नाही हो. नाटकात विंगेत प्रॉम्प्टर बसतो तो काय उगाच? माणूस विसरणार हे आपल्या रंगभूमीने धरूनच ठेवलंय.

तीन दिवस झाले, काकूंच्या घरातून पेटीचा आवाज नाही. सोसायटीतल्या ज्यांच्याकडे पूर्ण रेकॉर्डिंग असेल त्यांनी आजच ग्रुपवर टाका. आणि ज्याने ती क्लिप टाकली त्याने ती काढावी आणि काकूंकडे फराळाला जावं. दार त्या उघडतील, मी ओळखते त्यांना.