टाकीला विहीर म्हणू नका

अमळनेरच्या मामांनी परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "हाई खरं शे का?" तोच मजकूर केळीवाल्यांच्या दोन ग्रुपांवर मी आधी वाचला होता. त्याचं सार असं: एक ग्रॅम अँटीमॅटरवर, म्हणजे साध्या कणांच्या उलट भाराच्या जुळ्यांपासून (प्रतिकणांपासून) बनलेल्या प्रतिपदार्थावर, अख्खा महाराष्ट्र शंभर वर्षं चालेल. युरोपातल्या शास्त्रज्ञांकडे ते साठवलेलं आहे, पण कोळसा-तेलवाले बाहेर येऊ देत नाहीत. तंत्र स्वस्त झालं की वीज फुकट. आणि आपल्या जळगावच्या केळीतही अँटीमॅटर असतं! यातलं शेवटचं तेवढं खरं आहे.

आधी शंभर वर्षांचा हिशोब. एक ग्रॅम प्रतिपदार्थ एक ग्रॅम साध्या पदार्थाला भेटला की दोन्ही नाहीसे होतात आणि दोन ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते. आइनस्टाइनच्या सूत्रात आकडे घातले की साधारण 5 कोटी युनिट येतात. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला 1.2 कोटी युनिट देतो, म्हणजे हे त्याचं चार दिवसांचं काम. राज्याची मागणी 25 हजार मेगावॅट धरली तर एक ग्रॅम दोन तासांत संपतो. ग्रॅमभर वस्तूसाठी हे अफाटच आहे, कोळसा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण दोन तास म्हणजे शंभर वर्षं नव्हेत.

खरी गफलत पुढे आहे. कोळसा खाणीत सापडतो, ऊन आपोआप पडतं. अँटीमॅटरची खाण कुठेच नाही. ते बनवावं लागतं, आणि बनवताना जेवढी ऊर्जा नंतर मिळणार तेवढी तरी आधी ओतावीच लागते. कारण प्रतिकण एकटा जन्मत नाही, त्याच्या जोडीला साधा कणही तयार होतो आणि किंमत दोघांची मोजावी लागते. म्हणून अँटीमॅटर ही विहीर नव्हे, टाकी आहे. टँकरनं भराल तेवढंच पाणी तिच्यात राहणार, आणि ही टाकी गळकी आहे. प्रोटॉनांचा झोत धातूच्या ठोकळ्यावर आदळला की फार थोडे प्रतिप्रोटॉन निघतात, त्यातलेही मोजकेच पकडता येतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत ओतलेल्या ऊर्जेचा जेमतेम अब्जावा भाग हाती लागतो.

"सोलर पॅनेलही आधी महागच होते," असं कुणी म्हणेल. होते ना. पण साक्रीच्या 125 मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला ऊन विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे पॅनेल स्वस्त झाले की वीज स्वस्त झाली. अँटीमॅटरचं यंत्र उद्या फुकट मिळालं, एक थेंबही गळला नाही, तरी उत्तर फार तर शून्य येईल: घातलं तेवढं परत. हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे, दहावीच्या पोरालाही ठाऊक असतो. कुठल्या तेल कंपनीनं तो केलेला नाही.

साठा लपवल्याची गोष्ट थोडक्यात. एक नॅनोग्रॅम प्रतिपदार्थ जाळला तर 0.05 युनिट मिळेल, त्यावर 9 वॅटचा बल्ब साडेपाच तास चालेल. आजवरचं सगळं उत्पादन मोजतात ते असल्या नॅनोग्रॅममध्येच. ठेवायचं तरी कशात? ज्या भांड्याला लागेल त्यालाच घेऊन जाईल. त्यामुळे निर्वात पोकळीत चुंबकीय क्षेत्रानं अधांतरी धरावं लागतं. सर्नच्या आल्फा या संशोधक गटानं प्रतिहायड्रोजनचे, म्हणजे प्रतिकणांपासून बनलेल्या हायड्रोजनचे, अणू 1000 सेकंद धरून ठेवले आणि 2011 साली ते जगजाहीर केलं. लपवणारे असे वागतात का?

आता केळी. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी किंचित भाग किरणोत्सारी पोटॅशियम-40. एका केळ्यातून साधारण एक-दीड तासाला एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, बाहेर पडतो आणि जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून तिथेच संपतो. वर्षाला ग्रॅमभर पॉझिट्रॉन हवे असतील तर किती केळी लागतील याचा हिशोब मी मुद्दाम मांडला. चंद्राच्या वजनाच्या निदान पाव हिश्श्याएवढी! रावेर-यावलचे मळे आणि सावद्याच्या गाड्या त्यापुढे काय. शिवाय त्यांतला एकेक पॉझिट्रॉन संपायच्या आत पकडायला हवा, ते निराळंच.

फॉरवर्डवाल्यानं जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नाही. कर्करोगाची गाठ शोधायच्या पेट (PET) स्कॅनमध्ये रोज पॉझिट्रॉनच वापरतात. फ्लोरिन-18 हे पॉझिट्रॉन सोडणारं किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. गाठीच्या पेशी ती जास्त ओढून घेतात, पॉझिट्रॉन तिथे इलेक्ट्रॉनला भेटतो आणि निघालेल्या दोन गॅमा किरणांवरून गाठीची जागा कळते. हे फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मं होतं, म्हणून सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात तयार झाल्या झाल्या गाडी पळवावी लागते. मामांना आधी हेच कळवलं, चंद्राएवढ्या केळींचं नंतर.