उठणे, जाणे, येणे, झोपणे

भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीला, म्हणजे घराचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला, आपल्याकडून चारच गोष्टी हव्या असतात. घर किती वाजता उठतं, किती वाजता बाहेर पडतं, परत कधी येतं आणि झोपतं कधी. वेक, लीव्ह, रिटर्न, स्लीप. सोमवार ते शुक्रवार एक हिशोब, शनिवार-रविवारचा वेगळा. एवढं भरलं की तळघरातली फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, आपली आपण पेटते, आपली आपण विझते आणि गॅसचं बिल उतरतं, असं तिच्यासोबत आलेल्या घडीच्या कागदावर तीन भाषांत छापलंय. त्यात मराठी नाही, हे एका अर्थी बरंच आहे. सासऱ्यांनी तो कागद पाठ केला असता.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. ३० जानेवारी २०१९ला शिकागोच्या विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे उणे ३० सेल्सिअसच्याही खाली. त्यामुळे इथे थर्मोस्टॅटशी वाकडं घेऊन चालत नाही. आमच्या डबीच्या डोक्यात कारखान्यातूनच एक वेळापत्रक भरून आलं होतं: सकाळी ६ला ७० अंश, ८ला ६२, संध्याकाळी ६ला पुन्हा ७०, रात्री १०ला ६२. म्हणजे आठाच्या ठोक्याला घर रिकामं होणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलेलं. आम्ही दोघंच होतो तोवर ते खपलं. मग मिरजेहून सासू-सासरे आले. बाबांना बर्फ बघायचा होता.

सासूबाईंना फॅरनहाइट ठाऊक ते फक्त तापापुरतं. पहिल्याच दिवशी डबीवर ६८ बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, सत्त्याण्णवच्या खाली गेलं की माणूस गार पडतो. हे अडुसष्ट!" बाबांनी त्यांना सेल्सिअस करून दाखवलं. वीस. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तर बघायलाच नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो आणि आठ वाजता डबीनं नेमानं ६२ केलं. संध्याकाळी येऊन बघते तर दोघं कानटोपी, मफलर, शाल अशा जामानिम्यात सोफ्यावर बसलेले, आणि मधे चहाचा थर्मास. तक्रार काही नाही. फक्त, "दुपारी वीज जाते का गं इकडे?"

तेव्हा रविवारी प्रोग्रॅम बदलायचं ठरलं. बटण दाबून धरायचं, पडद्यावर सोमवार लुकलुकायला लागतो, मग वेळ, मग तापमान. वरच्या बाणानं वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी सरकते. आणि थोडा वेळ काहीच दाबलं नाही, की यांचं झालं असं समजून डबी मूळ पडद्यावर जाते. ही मेख कागदावर नाही.

"बाबा, उठायची वेळ किती घालू?"

"माझी की हिची?"

"एकच घालता येते."

"जाग मला साडेचारलाच येते. पण अंथरूण सोडतो पाचला. हिनं चहा टाकला तर—"

"मी का टाकायचा? तुम्हाला येत नाही?"

डबी मूळ पडद्यावर.

पुन्हा सोमवार. साडेचारवर तडजोड झाली. मग 'लीव्ह'.

"आम्ही कुठे जाणार बाई? बूट-मोजे चढवेपर्यंत अंधार पडतो."

"काहीतरी घालावंच लागतं, आई."

"मग चार घाल. चारला बाल्कनीत जाऊन येतात हे."

झोपायच्या वेळेला सासूबाईंनी मूलभूत शंका काढली. शनिवार-रविवार वेगळा धरता येतो, तर संकष्टी का नाही? त्या दिवशी चंद्र उगवून नैवेद्य होईस्तोवर रात्र होते, तेव्हा ६२ कसं चालेल? मी चंद्रोदयाचं बटण नसल्याचं सांगेपर्यंत डबी पुन्हा मूळ पडद्यावर.

नवरा या सगळ्यात तत्त्वाच्या बाजूनं. १९७७च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर सांगितलं होतं, दिवसा ६५ ठेवा, रात्री ५५, हे त्यानं वडिलांना ऐकवलं. कार्टर भुईमुगाचे शेतकरी होते म्हटल्यावर बाबा विरघळले. "शेंगा लावणारा माणूस उगाच बोलणार नाही," म्हणाले, आणि त्या रात्री गुपचूप ७४ करून झोपले. पण नुसता आकडा वाढवला तर डबी तो पुढच्या वेळेपर्यंतच मानते. पहाटे बाबा मला म्हणाले, "आमचं या घरात भिंतही ऐकत नाही."

हे यंत्र मुळात एका मास्तराच्या डोक्यातून निघालंय, म्हणून त्याला वेळापत्रकाचा सोस असावा. इथून दोनेक तासांवर विस्कॉन्सिनमध्ये व्हाइटवॉटरला वॉरन जॉन्सन शिकवत. वर्गात उबारा पुरतोय का बघायला शिपाई सारखा तास मोडून आत यायचा. त्याचा बंदोबस्त म्हणून त्यांनी तळघरात घंटा वाजवणारं विजेचं उपकरण केलं. पेटंट १८८३चं. पुढं लोकांनी त्या वंशाच्या पोरांचं काय केलं? एकच आकडा कायम धरून ठेवणारं 'होल्ड' दाबून प्रोग्रॅम गुंडाळून ठेवला. शेवटी ऊर्जाबचतीचा शिक्का देणाऱ्या एनर्जी स्टार या सरकारी योजनेनं २००९च्या ३१ डिसेंबरला प्रोग्रॅमवाल्या थर्मोस्टॅटांना आपला शिक्का देणं बंद केलं. म्हणे बचत दिसेना. सरकारला जे उशिरा कळलं ते बाबांना आठवड्यात कळलं. त्यांनी 'होल्ड' शोधून काढलं, ७२ लावलं आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

तर वरच्या खोल्या रोज सकाळी बर्फ. डबीवर घरातलं तापमान ७४ दिसतंय, फर्नेस चिडीचूप, आणि माडीवर माझी बोटं टूथब्रश धरेनात. माणूस बोलावून बघायचे पैसे इथे दाराशीच घेतात, म्हणून बाबाच कामाला लागले. उभी हयात वीज मंडळात गेलेली. ते डबीसमोर खुर्ची टाकून बसले आणि अर्ध्या तासात चोर सापडला. सासूबाईंचा देव्हारा! पूर्वेला तोंड करून बसता येईल असा घरात तो एकच कोपरा, नेमका डबीखाली. पाच वातींची समई पेटली की वर जाणारी गरम हवा थेट डबीच्या छातीत. तिला वाटायचं, घर तापलं. पूजा संपून समई शांत झाली, की मग तळघरात कुठं 'टक्' आणि पाठोपाठ 'भस्स'.

नवऱ्याला मात्र हा शोध लागल्याचं वाईट वाटलं, कारण त्या महिन्याचं बिल बरंच कमी थर्मचं (थर्म म्हणजे इथलं गॅस मोजायचं माप) आलं होतं. आईनं अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करावीत, असं तो सुचवू लागला.

देव्हारा हलणार नव्हता. डबी हलवायची तर भिंतीतल्या तारा हलणार. बाबांनी तोड काढली ती समईच्याच तर्कानं, फक्त उलटी. परवा रात्री मटारभात करायला मी फ्रीजर उघडला तर पिशवी गायब. बाहेर येऊन बघते, तर ती डबीच्या डोक्यावर नाडीनं बांधलेली, डबीवर ६१, फर्नेस धडाडून चाललेली, आणि खाली बनियनवर बाबा पेपर वाचतायत.

"बाबा, मटार?"

"ड्यूटीवर आहेत. दहाला सुटतील. आज बटाट्याचं कर काहीतरी."