‘औषधं आजच बंद करा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

मेंदू ‘खाणाऱ्या’ विषाणूबद्दलचा एक संदेश सध्या फोनवरून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ८० टक्के लोकांच्या अंगात जेसी विषाणू आहे, तो लघवीतून पसरतो, त्यामुळे रुग्णापासून लांब राहा, हा आजार नव्या इंजेक्शनांनी जन्माला घातला, तो झालेला कुणी वाचत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आजच बंद करा आणि ती वाढवणाऱ्या गोळ्या घ्या.

आजाराचं नाव पीएमएल, म्हणजे प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्यूकोएन्सेफॅलोपॅथी. आजार खरा आहे आणि भयंकरही आहे. पण या संदेशातला शेवटचा सल्ला कुणी ऐकला, तर त्याचा जीव धोक्यात येईल. म्हणून हे उत्तर.

‘८० टक्के लोकांना लागण.’ आकडा फारसा चुकलेला नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण ५० ते ८० टक्के प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. बहुतेकांना तो लहानपणी किंवा तरुणपणी काहीही न जाणवता येऊन चिकटतो आणि मूत्रपिंडात निपचित पडून राहतो. ठणठणीत माणसाच्या लघवीतही तो दिसतो. पण लागण म्हणजे आजार नव्हे, आणि संदेशाने नेमकी इथेच गल्लत केली आहे. पीएमएल व्हायचं तर आधी पेशींमार्फत चालणारी प्रतिकारशक्ती बराच काळ ढासळलेली असावी लागते. शिवाय विषाणूच्या जनुकसाखळीतल्या नियंत्रक भागात फेरफार होऊन तो मेंदूत वाढण्याजोगा व्हावा लागतो. मग तो ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींत शिरतो. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण याच पेशी तयार करतात. त्या मेल्या की वेष्टण गळतं, मेंदूच्या पांढऱ्या भागात चट्टे पडतात आणि पसरत एकमेकांना मिळतात. निम्म्याहून अधिक माणसं विषाणू बाळगून आयुष्य काढतात, पण हा आजार दुर्मीळच राहतो, तो यामुळे.

‘रुग्णापासून लांब राहा.’ हे वाचून मला सर्वांत जास्त राग आला. पीएमएल एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ज्याची वाचा अडखळते आहे, एक हात उचलत नाही, त्याला जवळ माणूस हवा असतो.

‘नव्या इंजेक्शनांनी आजार जन्माला घातला.’ या आजाराचं पहिलं वर्णन १९५८ सालचं आहे, तेही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णांमधलं. १९६५ मध्ये अशा मेंदूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. १९७१ मध्ये तो एका रुग्णाच्या मेंदूतून वेगळा काढला गेला आणि त्याला त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं, जेसी, मिळाली. पुढे एड्सच्या साथीत, प्रभावी औषधं येण्याआधी, शंभरांत पाचांपर्यंत रुग्णांना पीएमएल होत असे.

आता मुख्य मुद्दा: ‘औषधं बंद करा.’ कुठली औषधं? एचआयव्हीच्या रुग्णाने गोळ्या सोडल्या, तर पीएमएलची वाट तोच मोकळी करून देईल, कारण त्याची प्रतिकारशक्ती त्या गोळ्यांवरच उभी आहे. अवयव प्रत्यारोपण झालेल्याने औषध थांबवलं तर शरीर तो अवयव नाकारू शकतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करते तो आजार, यासाठी दिल्या जाणाऱ्या नॅटालिझुमॅबचा धोका मात्र खराच आहे. हे औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही. त्यामुळे मूळ आजार आवरतो, पण मेंदूवरचा पहाराही सैल होतो. २००४ च्या अखेरीस मान्यता मिळालेलं हे औषध पीएमएल आढळल्यावर २००५ मध्ये मागे घेतलं गेलं आणि २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर परत आलं. तेव्हापासून धोका मोजायची रीत बसली आहे: रक्तात प्रतिपिंडं आहेत का, दोन वर्षांहून जास्त उपचार झाले का, आधी प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध घेतलं होतं का. तिन्ही असतील तर धोका शंभरांत एकाच्या आसपास जातो. प्रतिपिंडं नसतील तर दहा हजारांत एकाच्या घरात राहतो. हे औषध अचानक सोडल्यावर काही महिन्यांत मूळ आजार उसळून येऊ शकतो, म्हणून बदल करायचा तो मेंदूविकारतज्ज्ञाशी बोलून, पुढचा उपचार ठरवून.

‘कुणी वाचत नाही.’ विषाणूवर थेट चालणारं सिद्ध औषध अजून नाही, हे खरं. उपाय एकच: प्रतिकारशक्ती परत आणणं. एचआयव्हीत योग्य औषधं सुरू झाल्यापासून निम्म्याच्या आसपास रुग्ण वर्षभराच्या पुढे जगू लागले. नॅटालिझुमॅबच्या रुग्णांत वेळीच निदान होऊन औषध थांबवलं तर बहुतेक जण वाचतात, पण अनेकांना कायमचं अपंगत्व उरतं.

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या घ्या.’ पीएमएल रोखणारी अशी गोळी नाही. शिवाय परतणारी प्रतिकारशक्तीही कधी इतक्या जोराने येते की मेंदूला सूज चढते आणि स्टिरॉइड द्यावी लागतात.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाच्या घरच्यांनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. दिवसांत किंवा आठवड्यांत वाढत जाणारा एका बाजूचा अशक्तपणा, तोल जाणं, शब्द न सापडणं, दृष्टीचा अर्धा भाग नाहीसा होणं, स्वभाव बदलणं: यांतलं काहीही दिसलं की त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा आणि कुठलं औषध चालू आहे ते आधी सांगावं. एमआरआय आणि पाठीतलं पाणी काढून केलेली पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, यांवरून निदान होतं. पहिली पीसीआर निगेटिव्ह आली तरी लक्षणं वाढत असतील, तर ती पुन्हा करायला सांगा.