स्वच्छ आकाशात समोरचे विमान ‘दिसायलाच हवे’ का?

दोन विमानांची हवेत टक्कर झाल्याची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: “आकाश स्वच्छ होते, विमान घराएवढे मोठे असते, शिवाय ते हलत असते, तरी दिसले नाही, म्हणजे वैमानिकांचे लक्षच नव्हते. आता तर टीकॅस (टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी विमानातली यंत्रणा) असल्याने बाहेर पाहण्याचीही गरज नाही.” यातले एकही विधान टिकत नाही, आणि जे उत्तर द्यायला उरले नाहीत त्यांच्यावर असा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आधी आकार. समोरून येणाऱ्या विमानाचे पंख कडेने, पात्यासारखे दिसतात. नजरेत भरण्याजोगे उरते ते सुमारे चार मीटर रुंदीचे धड. ताशी ८०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर अंतर दर सेकंदाला सुमारे ४४४ मीटरने घटते. दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे ते साडेपाच किलोमीटरवरच दिसायला हवे, आणि तिथे ते धड हात लांब करून धरलेल्या कागदावरच्या अर्ध्या मिलिमीटरहून लहान ठिपक्याएवढे असते.

‘हलत असते’ हा तर सर्वांत घातक गैरसमज आहे. दोन्ही विमाने सरळ रेषेत, स्थिर वेगाने जात असतील, तर जे धडकणार आहे तेच काचेवर एका जागी थांबलेले दिसते. ते चौकटीच्या पट्टीआड असेल, तर वैमानिकाने डोके हलवेपर्यंत तिथेच लपून राहते. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो, त्यामुळे ठिपक्याचे विमान होते ते अखेरच्या काही सेकंदांत.

लक्ष नव्हते म्हणावे, तर २५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगोत स्वच्छ सकाळी बोइंग ७२७च्या वैमानिकांना नियंत्रकाने छोट्या सेस्ना विमानाची सूचना दिली होती आणि त्यांनी ते दिसल्याचेही कळवले होते. पुढे खालच्या घरांच्या पार्श्वभूमीवर ते नजरेतून निसटले. ते मागे पडले असावे असा त्यांचा समज झाला आणि १४४ माणसे गेली.

टीकॅस अनमोल आहे. पण समोरच्या विमानात ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख व उंची रेडिओने कळवणारे यंत्र) चालू नसेल तर त्याला काहीच कळत नाही, आणि जमिनीपासून सुमारे १००० फुटांखाली ते ‘वर जा, खाली जा’ अशी आज्ञा देत नाही. वॉशिंग्टनमध्ये २९ जानेवारी २०२५च्या रात्री विमान आणि हेलिकॉप्टर यांची ६७ जणांचा बळी घेणारी टक्कर सुमारे ३०० फुटांवर झाली, आणि विमान दिसत असल्याचे हेलिकॉप्टरमधून त्याआधी सांगितले गेले होते.