चालते, पण थांबते का?

गाडी घ्यायची ठरली की सल्लागार शोधावे लागत नाहीत, आपोआप उगवतात. त्यातून बर्फ पडणाऱ्या शहरासाठी गाडी घ्यायची असेल, तर ज्याने आजवर फक्त फ्रीजमधला बर्फ पाहिलाय तोही फोनवरून सांगतो, "फोर व्हील ड्राइव्ह घे. डोळे मिटून घे." डोळे मिटून गाडी घेतलेली मंडळी हिवाळ्यात दिसतातच. रस्त्यावर कमी, रस्त्याच्या कडेला जास्त.

माझी गरज तशी साधी होती. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, वाटेत भरपूर सिग्नल, एक बेरकी चढ आणि रात्री गाडी उभी करायला रस्त्याची कडा. पण जाहिरातीतली गाडी असल्या क्षुद्र कामांना हातच लावत नाही. ती डोंगरमाथ्यावर उभी असते, मागे सूर्योदय, चाकांखालून बर्फ उधळतोय. त्या गाडीची काच पहाटे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणारा, बोटं बधिर झालेला माणूस जाहिरातीत मला अजून दिसलेला नाही. शहरातला हिवाळा म्हणजे मुख्यतः तोच माणूस.

शेजाऱ्यांचं म्हणणं, गाडी उंच हवी. त्यांची स्वतःची एवढी उंच आहे की ते गाडीत बसत नाहीत, चढतात. "ग्राउंड क्लिअरन्स बघा, ग्राउंड क्लिअरन्स," असं ते वरूनच सांगतात. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. रात्रभर बर्फ पडला की पहाटे स्नो-प्लाउ येतो, रस्ता साफ करतो आणि त्या रस्त्याचा सगळा बर्फ आपल्या उभ्या गाडीच्या कुशीला लावून जातो. हा बर्फ कवितेतला नव्हे. दाबलेला, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलात भिजलेला आणि उजाडेपर्यंत पुन्हा गोठलेला असा गुडघाभर बांध असतो तो. गाडी त्यावर दामटली तर ती पोटावर टेकते आणि चाकं अधांतरी राहतात. मग चारही चाकांना ताकद मिळत असली तर चारही चाकं हवेत फिरतात, एवढाच फरक. थोडक्यात, उंची पाच-सहा सेंटिमीटर जास्त असली तर बरंच, पण फावडं दोघांनाही मारावं लागतं. शेजारी ते उंचावरून मारतात.

शोरूममध्ये आम्ही गेलो ते ऐन उन्हाळ्यात. बाहेर घामाच्या धारा, आत एसी, आणि सेल्समन छातीठोकपणे सांगतोय, "सर, बर्फात ही गाडी एकदम मस्त चालते." दुसऱ्या शोरूममध्येही तेच. तिसऱ्या ठिकाणी त्याने एक बटण दाबून दाखवलं, त्यावर बर्फाचं इवलंसं चित्र होतं. बटण दाबल्यावर पडद्यावरही बर्फाचं चित्र आलं. गाडीला हिवाळ्याची जाणीव आहे याचा मलाही आनंद झाला.

तेवढ्यात बायकोने विचारलं, "चालते ते कळलं. थांबते का?"

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी त्या बटणाकडे पाहिलं.

प्रश्न कळीचा होता, आणि इतक्या सल्लागारांपैकी एकालाही तो सुचला नव्हता. फोर व्हील ड्राइव्ह म्हणा की ऑल व्हील ड्राइव्ह, इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. त्यामुळे घसरड्या जागेवरून गाडी सहज निघते, चढ चढते. पण ब्रेक? ते तर सगळ्यांच्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. पाय ब्रेकवर गेला की इंजिन किती चाकांना जोडलंय याला काही अर्थ उरत नाही. तिथून पुढचा सगळा कारभार टायरच्या रबराचा. वर आणखी एक गोम आहे. असल्या गाडीचं चाक सुरुवातीला गरगरतच नाही, त्यामुळे रस्ता निसरडा आहे ही बातमी ड्रायव्हरला फार उशिरा लागते, बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला. आणि शहरात थांबण्याचे प्रसंग निघण्याइतकेच येतात, एकही कमी नाही.

"एबीएस आहे ना, मॅडम," सेल्समन सावरून म्हणाला. आहे, कबूल. १९७८ साली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं आणि आता ते सगळीकडे आहे. जोरात ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणं आणि स्टेअरिंग आपल्या ताब्यात ठेवणं हे त्याचं काम. ते करताना ब्रेकचं पेडल पायाखाली असं काही थरथरतं की नवखा माणूस दचकून पायच उचलतो. नेमकं तेच करायचं नसतं, पाय तसाच दाबून ठेवायचा असतो. आणि भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे गाडी थोडी लांबही जाऊ शकते. जाम झालेलं चाक निदान स्वतःपुढे बर्फाचा ढीग तरी करतं आणि त्याला अडतं. हे मी सेल्समनला सांगितलं नाही. त्याचा दिवस आधीच वाईट चालला होता.

मग आम्ही गाडी बघायचं सोडून टायर बघायला लागलो. साधारण सात अंशांच्या खाली तापमान गेलं की उन्हाळी टायरचं रबर जुन्या खोडरबरासारखं होतं, धरत काही नाही, नुसतं सरकतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीत केसाएवढ्या बारीक चिरा असतात, शेकड्यांनी. टायर टेकला की त्या किंचित फाकतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. बोटाने दाबून पाहा, टायर मऊसर लागतो. म्हणजे फरक नुसत्या बर्फाचा नाही, थंडीचा आहे. कोरड्या रस्त्यावरही तो पडतो. कॅनडाच्या क्युबेक प्रांताने २००८ पासून हिवाळ्यात हे टायर सक्तीचे केले आहेत. तिथल्या सरकारला गाडीचं बटण पुरेसं वाटलेलं दिसत नाही.

टायरवर काय लिहिलंय ते वाचायचं तर गुडघे टेकावे लागतात. चकचकीत शोरूममध्ये मी एका पांढऱ्या एसयूव्हीपुढे गुडघ्यांवर बसलो, मोबाइलचा टॉर्च लावला आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवू लागलो. सेल्समनने हलक्या आवाजात विचारलं, "सर, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "डोंगर." तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं एक चित्र असतं. बर्फावरच्या पकडीची ठरलेली चाचणी पास झालेल्या टायरलाच ते मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं तर त्यावर भाळू नये. ती अक्षरं नक्षीचा घाट बघून कंपनी स्वतःच छापू शकते. त्या एसयूव्हीच्या टायरवर डोंगर नव्हता. गाडीच्या माहितीपत्रकावर मात्र होता, पानभर.

वीस इंची चाकांचा मोहही इथेच सुटला. मोठ्या रिमवर टायरची भिंत बोटभर उरते आणि बर्फाखाली लपलेला खड्डा तिची चौकशी करतो. शिवाय रुंद टायर चिखल-बर्फावर तरंगू पाहतो, अरुंद टायर तो कापून खाली रस्त्यापर्यंत जातो. तेव्हा आम्ही सगळ्यात लहान रिम मागितली. सेल्समनच्या चेहऱ्यावरून कळलं की अशी मागणी त्याच्या प्रशिक्षणात नव्हती.

ऑफिसमधल्या मित्राने काटकसर सुचवली, "पुढे दोनच हिवाळी टायर लाव, मागे जुने राहू देत." म्हणजे पुढची चाकं शहाण्यासारखी थांबणार, आणि मागची बाजू काय झालं ते बघायला बाजूने पुढे येणार. नको. आणखी एकाने मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि डिकीत वाळूची पोती असा संसार सुचवला. मागची चाकं हलकी असतात, वजन ठेवलं की पकड येते. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण नवी गाडी घेताना तिच्यासोबत वाळू घ्यायची, हे काही मनाला पटेना.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार रस्त्याच्या कडेलाच संपला. थंडीत तिचा पल्ला बराच घटतो. हीटरही त्याच बॅटरीवर, म्हणून प्लगला लावलेली असतानाच ती गरम करून घ्यावी हे उत्तम. आमच्याकडे गाडी आहे तिथे प्लग नाही. विषय मिटला.

बायकोची यादी वेगळीच होती, आणि मला विचाराल तर तीच खरी हिवाळी यादी. गरम होणारी सीट. गरम होणारं स्टेअरिंग. मागच्या काचेला वायपर, कारण मिठाच्या चिखलाने मागचा कॅमेरा दुपारपर्यंत आंधळा होतो. दाराला हात घालून ओढता येईल असं दणकट हँडल, पत्र्यात लपणारं नको. ते गोठलं की गाडी मालकापासूनही सुरक्षित राहते. एलईडी दिव्यांबद्दल तिने विचारलं तेव्हा मात्र सेल्समन खुलला आणि म्हणाला, "हे अजिबात तापत नाहीत, मॅडम!" तीच तर अडचण. जुने दिवे तापायचे आणि स्वतःवरचा बर्फ वितळवायचे. हे थंडपणे बर्फ पांघरून घेतात. मग आपण उतरायचं आणि हाताने पुसायचं.

शेवटी आली ती पुढच्या चाकांवर चालणारी लहानशी हॅचबॅक. इंजिनाचं वजन चालत्या चाकांवरच बसतं, त्यामुळे वाळूबिळू लागत नाही. तिच्यासोबत डोंगर छापलेले चार टायर, वेगळ्या रिमांवर बसवलेले. शेजाऱ्यांनी तिला वरून पाहिलं आणि "शहरापुरती ठीक आहे," असं म्हणाले. मीही शहरापुरतंच बोलत होतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सल्लागाराने सांगितली नव्हती. चार टायर गाडीला असतात तेव्हा दुसरे चार घरी असतात. रबराला थंड, कोरडी आणि अंधारी जागा लागते. तशी जागा आमच्या घरात एकच निघाली, आतल्या खोलीतलं कपाट, आणि त्यात माझी पुस्तकं होती.

पुस्तकं आता गाडीच्या डिकीत आहेत. "मागे वजन असलेलं बरं, सगळेच म्हणतात," बायको म्हणाली. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी एक खोकं खाली नेऊन ठेवलं.