कात्रज पुण्याच्या मागे नाही, उशाशी आहे

‘पुण्याबाहेरचं थंड हवेचं कात्रज’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला. तिसऱ्यांदा पाठवला तो माझ्या आत्तेभावाने, कारण त्याचा मुलगा फ्लॅट शोधतोय. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: कात्रज-आंबेगाव हा भाग कालपरवा वसला, त्याला इतिहास नाही. जागा उंचावर आहे, म्हणून पुराची भीती नाही. डोंगर पडीक आहेत, त्यांच्यावर घरं झाली तरच त्यांचं सोनं होईल. गावं महापालिकेत आली, म्हणून पाण्याची चिंता मिटली. आणि इथे मूळचं कुणी उरलेलं नाही, सगळे बाहेरचे, म्हणून गावकीची कटकट नाही.

माझं माहेर कात्रज गावठाणातलं, सासर आंबेगाव बुद्रुकचं. पन्नास वर्षं या दोन गावांत गेली. आत्तेभावाला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे एकेक करून मांडते, कारण मजकूर त्याच्या एकट्याकडे गेलेला नाही.

आधी इतिहासाचं बघू. फसवलं या अर्थी ‘कात्रजचा घाट दाखवला’ असं अख्खा महाराष्ट्र म्हणतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला. त्या वेळी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावत सुटली, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. ज्या गावाच्या नावाचा वाक्प्रचार झाला, ते गाव कालपरवाचं कसं असेल?

पण माझ्या लेखी वाक्प्रचारापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तळी केली आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ नेला. पंप नाही, रहाट नाही, मोट नाही. कात्रज उंच, शनिवारवाडा सखल, त्यामुळे पाणी उतार धरून आपसूक जायचं. नळ म्हणजे आजचा पाइप डोळ्यांसमोर आणू नका. माणसाला आत उतरून गाळ काढता येईल एवढं ते दगडचुन्याचं भुयार होतं. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला ठेवलेले दगडी झरोके, बांधलेले होते. शहरात पोचल्यावर हे पाणी हौदांत पडायचं. काळा हौद आणि बदामी हौद ही नावं जुन्या पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या आधीची शंभरेक वर्षं पेठांची मोठी भिस्त कात्रजवर होती. पेठेतल्या वाड्यात ज्यांचं आजोळ आहे, त्यांच्या पणजीच्या कळशीत आमच्या डोंगराचं पाणी होतं. माझ्या लहानपणी वडील तळ्याच्या बांधावर उभं करून हे सांगायचे. तेव्हा कंटाळा यायचा, आता मी तेच नातवाला सांगते.

आता पुराचं. मजकुरातलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कात्रजच्या डोंगरात पडलेला पाऊस जातो कुठे? भिलारेवाडीच्या बाजूच्या घळींतून तो कात्रजच्या तळ्यांत उतरतो आणि तळी भरली की आंबिल ओढ्यात येतो. ओढा धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा असा उतरत दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेला मिळतो. ही वाटही सगळी नैसर्गिक नाही. पूर्वी ओढा शहराच्या आतून वाहायचा, पेशवाईत तो पर्वतीजवळ वळवला आणि त्याच पाण्यावर पर्वतीचं तळं झालं. सारसबागेतला गणपती ‘तळ्यातला गणपती’ का, याचं उत्तर तिथे आहे. तळं गेलं, बाग झाली, पण ओढा आपल्या उतारानं येतच राहिला.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर जोरदार पाऊस कोसळला. तो ओढा अंधारात भिंती पाडत खाली गेला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. त्या एका रात्रीत पुणे शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक बळी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडून निघालेली माझी भाची सहकारनगरापर्यंत जाऊन परत आली. चारचाकी गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, सोसायट्यांच्या भिंती आडव्या होत्या आणि सगळ्यावर लाल चिखल. तो चिखल आमच्याकडचा होता. डोंगर फोडून उघडी केलेली माती पाण्यानं खाली नेली होती.

‘पूर खालच्यांना आला, वरच्यांना काय?’ असं कुणी म्हणेल, आणि मजकूर नेमकं हेच सुचवतो. त्यांनी जून २०१३ आठवावा. घाटापलीकडे, साताऱ्याच्या बाजूला शिंदेवाडीजवळ, पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्यावरून जाणारी आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. तिथे नदी नाही, मोठा ओढाही नाही. वरचा डोंगर कापून सपाट केला होता, पाण्याच्या वाटा बुजवल्या होत्या, म्हणून पाणी मिळेल तिथून हायवेवर आलं. उंचावर राहणाऱ्याला पुराची भीती नसते, हे नदीकाठाची सवय असलेल्या माणसाचं गणित झालं. डोंगरात पूर नदीतून येत नाही. वरच्या प्लॉटवर कुणी काय केलंय, त्यावर तो ठरतो.

यालाच लागून ‘पडीक’ हा शब्द येतो. तो शब्द वाचला की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. सिंहगडापासून कात्रज, दिवेघाट करत पूर्वेला भुलेश्वरापर्यंत गेलेली ही डोंगररांग. काळ्या दगडावर हातभर माती, तिच्यावर गवत, मधूनमधून मोई, पांगारा, सालई अशी झाडं. उन्हाळ्यात सगळं वाळून सोनेरी होतं आणि गाडीतून बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. भाद्रपदात त्याच उतारावर सोनकी फुलते. या गवतावर आमच्याकडच्या किती घरांची गुरं पोसली! कात्रज डेअरीच्या पिशवीवर गावाचं नाव आहे, पण तिच्या कितीतरी आधी इथून शहरात दूध जात होतं, ते याच पडीक म्हणवल्या जाणाऱ्या रानावर. शिवाय गवत पाणी धरून ठेवतं. मुरूम उघडा पडला की ते धरणारं कुणी राहत नाही.

सरकारदरबारीही या टेकड्या पडीक नाहीत. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या टेकड्यांवर मिळून ९७८ हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे सगळे ज्याला बीडीपी म्हणतात त्याचं, आरक्षण आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारनं ते कायम केलं. बाकीच्या बऱ्याच उतारांवर डोंगरमाथा-डोंगरउताराचे निर्बंध आहेत. तरीही रात्री पोकलेन लागतं, सकाळी टेकडीचा एक कोपरा नाहीसा झालेला असतो आणि गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा फलक उभा राहतो. मजकुरातलं ‘सोनं होईल’ हे वाक्य त्या फलकावरचं आहे. माझ्या आत्तेभावाचा मुलगा तिथे आयुष्याची कमाई घालणार आहे, म्हणून सांगते: झोन दाखला, म्हणजे ती जमीन कशासाठी राखलीय हे सांगणारा सरकारी कागद, स्वतः काढ, एजंटानं दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नकोस.

पालिकेत गाव आलं की नळाला पाणी आलं, असं होत नाही. आंबेगाव बुद्रुक आणि खुर्द २०१७ मध्ये आत आली. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी २०२१ मध्ये आली. हद्दीची रेघ एका दिवसात सरकते. जलवाहिन्या, टाक्या आणि ड्रेनेज यांना वर्षं लागतात, आणि उतारावर तर पाणी वर चढवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा पहिला संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. ती गावं आमच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाची, आणि नुकतीच पालिकेत आलेली. तेव्हा सोसायटी बघायला गेलात की क्लबहाउस नंतर बघा. आधी वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर लागतात? तो खरं सांगतो.

थंड हवेबद्दल भांडत नाही. संध्याकाळी घाटातून वारा सुटतो तो खराच आहे, आणि मला दुसरीकडे झोप लागत नाही. फक्त त्याच घाटातून मुंबई-बंगळूर महामार्ग उतरतो, हे मजकुरात घालायला हवं होतं. नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तो लांब उतार आम्हाला पाठ आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड वाहनामुळे कितीतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात कंटेनरच्या धडकेत गाड्या पेटल्या आणि किमान ८ माणसं गेली. इथे राहायचं तर पोरांना हा रस्ता दुचाकीवरून रोज ओलांडायचा आहे. कात्रजपर्यंतच्या भुयारी मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्याचा आनंद आहेच. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली मार्गिका, २००६ मध्ये याच स्वारगेट-कात्रज रस्त्यावर सुरू झाली होती; तिचं पुढे काय झालं ते आम्ही पाहिलंय, म्हणून आनंद जरा बेतानं करते.

राहिलं ‘सगळे बाहेरचे’. हो, आहेत. साताऱ्याचे, सांगलीचे, कोल्हापूरचे, सोलापूरचे, मराठवाड्याचे. सातारा रस्त्यानं येणाऱ्याला पुणं आधी कात्रजलाच दिसतं. एसटीतून इथे उतरायचं, गाववाल्याच्या खोलीवर चार दिवस काढायचे, मग भारती विद्यापीठात शिकायचं किंवा मार्केट यार्डात काम धरायचं. माझ्या सासऱ्यांनी अशा किती मुलांना खोल्या दिल्या. ती मुलं आता आजोबा झालीत, आंबेगावच्या जत्रेत पालखीला खांदा देतात, गुरुवारी धनकवडीला शंकर महाराजांच्या मठात रांगेत दिसतात. त्यांना बाहेरचं म्हणायला आमची जीभ वळत नाही. आणि मूळचे लोकही गेलेले नाहीत. आम्ही आहोत, आमची आडनावं वाड्यांच्या पाट्यांवर आहेत, आणि कुठला ओढा कुठे बुजवलाय हे आम्हाला माहीत आहे. त्याला कुणी गावकीची कटकट म्हणत असेल, तर घर घेण्याआधी ती कटकट अर्धा तास ऐकून घ्यावी.

इथे घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. माणसांना घरं लागतात, आणि पेठेत आता कुणाला परवडतं? आत्तेभावाच्या मुलाला मी जुलैत बोलावलंय. दिवसभर पाऊस लागला की त्याच्या पसंतीच्या इमारतीमागे, उतारावर जाऊन आम्ही दोघं उभं राहणार आहोत. पाणी वरून कुठून येतं, तांबडं येतं की नितळ, आणि कंपाउंडच्या भिंतीशी आल्यावर त्याला पुढे जायला वाट ठेवलीय का, एवढं बघून मग त्यानं टोकन द्यावं.